परदेशी स्वयंसेवकांच्या कार्यक्रमात इंटर्नशिप: चार महिने फक्त एक्सेल भरण्यात जातील का?

प्रश्न थोडक्यात असा: एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षातल्या एका मुलीला पुण्यातल्या एका संस्थेत चार महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय. संस्थेकडे दरवर्षी युरोपातून काही तरुण स्वयंसेवक येतात, सहा महिने ते वर्षभर राहतात आणि आसपासच्या तालुक्यांतल्या शाळा, बचत गट, वसतिगृहं यांच्याबरोबर काम करतात. इंटर्नने या कार्यक्रमाला ‘सहाय्य’ करायचं. मानधन महिना आठ हजार. विमानतळावर आणणं-सोडणं आणि एक्सेल भरणं यातच चार महिने संपतील अशी तिला धास्ती आहे. शिवाय इंग्रजी यथातथा. घ्यावी का, घेतली तर काय हाती लागेल, आणि पुढची वाट कोणती?

एक्सेल भरावं लागेलच. ते समन्वयकालाही सुटत नाही. विचारायचं ते वेगळंच आहे. कार्यक्रमातलं एखादं काम पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत तुमच्या ताब्यात येणार आहे, की ‘जरा हे बघतेस का, जरा ते बघतेस का’ असं चार महिने चालणार आहे? पहिलं असेल तर आठ हजारांत घ्या. दुसरं असेल तर पंधरा हजारांतही घेऊ नका.

याचं उत्तर काही अंशी तुमचे चार महिने कोणते यावर अवलंबून आहे. युरोपातून दीर्घ मुदतीसाठी येणारे बरेच जण तिकडचं शालेय शिक्षण संपवून निघतात, म्हणून ते साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला उतरतात. जर्मनीच्या ‘वेल्टवेर्ट्स’ कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. २००८ पासून तो तिथल्या विकास मंत्रालयाच्या निधीवर चालतो. वय १८ ते २८, मुदत ६ ते २४ महिने, आणि निघण्याआधी, मध्ये व परतल्यावर मिळून २५ दिवसांची शिबिरं सक्तीची. अशा कार्यक्रमात जून ते सप्टेंबर म्हणजे तयारी आणि आगमन, डिसेंबर-जानेवारी म्हणजे मधला आढावा, मे-जून म्हणजे निरोप आणि काम सोपवणं. निवड करता येत असेल तर जून ते सप्टेंबर मागा. दमछाक सगळ्यात जास्त त्याच महिन्यांत होते आणि शिकायलाही तेव्हाच मिळतं, कारण पुढे वर्षभर जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेकदा याच काळात असतं.

सगळ्यात आधी मागून घ्यायचं काम म्हणजे प्लेसमेंटचं वर्णन लिहिणं. स्वयंसेवक कुठे, कोणाबरोबर, नेमकं काय करणार याचा हा दीड-दोन पानांचा कागद. वेल्टवेर्ट्ससारख्या कार्यक्रमात प्रत्येक जागेला तिकडून रीतसर मान्यता लागते, त्यामुळे हा कागद कुठेतरी असतोच. पण तो बहुधा काही वर्षांपूर्वी कोणीतरी इंग्रजीत लिहिलेला असतो आणि ज्या शाळेबद्दल आहे त्या शाळेने तो पाहिलेलाही नसतो.

शाळा काय म्हणते? ‘इंग्रजी शिकवायला कोणीतरी द्या.’ आता हे वाक्य जसंच्या तसं तिकडे गेलं, तर एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याने आयुष्यात कधी वर्ग घेतलेला नाही, तो चाळीस पोरांपुढे एकटा उभा राहतो. शिक्षकांना वाटतं, चला, एक तास सुटला. दोन महिन्यांनी त्याला वाटतं आपला उपयोग नाही आणि शाळेला वाटतं याला शिस्त लावता येत नाही. तेव्हा शाळेत जाऊन बसा आणि विचारा: कोणती इयत्ता? आठवड्याला किती तास? वर्गात बरोबर कोण असेल? अडतंय कुठे, वाचायला की बोलायला? मग वर्णन असं होतं: ‘सहावी आणि सातवी. आठवड्याला आठ तासिका, इंग्रजीच्या मॅडमसोबत, एकट्याने नाही. मॅडम धडा घेतील, स्वयंसेवक आठ-दहा मुलांचा गट घेऊन वाचन करून घेईल. दुपारी दोन दिवस वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद. बुधवारी मॅडमबरोबर अर्धा तास पुढच्या आठवड्याची आखणी. शाळा बंद असताना, म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि परीक्षांचे दिवस, संस्थेच्या कार्यालयात काम.’

शेवटची ओळ विसरू नका. शाळेची सुट्टी ही सगळ्यांना माहीत असलेली आणि तरी दरवर्षी चुकणारी गोष्ट आहे. बचत गटांचंही तसंच. पेरणी आणि खुरपणीच्या दिवसांत बायका रानात असतात, बैठकांना निम्म्याही येत नाहीत. नेमक्या जून-जुलैत बचत गटांसोबत कामाला आलेला परदेशी पाहुणा मग दोन महिने गावच्या समाजमंदिरात मोबाइल बघत बसतो.

वर्णन मराठीत लिहा, मुख्याध्यापकांना किंवा गटाच्या अध्यक्ष ताईंना वाचून दाखवा, त्यांची सही घ्या आणि मगच इंग्रजी करा. यात आणखी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून आणा. हा माणूस आला नाही तर तुमचं काय अडेल? आणि तो गेल्यावर हे काम कोण करेल? पहिल्याला ‘काही नाही’ आणि दुसऱ्याला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर ती जागा यंदा बंद ठेवावी असं समन्वयकाला सांगायची हिंमत इंटर्नने दाखवावी. ते ऐकलं जाईलच असं नाही. तिकडची पाठवणारी संस्था दहा जागा मागत असते आणि इथल्या संस्थेला नाही म्हणणं जड जातं.

दुसरं काम आगमनाच्या कागदपत्रांचं. दिसायला कारकुनी, पण चूक महागात पडते. टुरिस्ट व्हिसावर फक्त अल्पकाळाचं, जास्तीत जास्त एक महिन्याचं आणि कुठलाही मोबदला नसलेलं स्वयंसेवी काम चालतं. त्याहून लांब मुदतीसाठी नोंदणीकृत संस्थेत मानद काम करणाऱ्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो आणि त्यावर संस्थेचं नाव येतं. म्हणूनच मध्येच ‘इथे जमत नाही, दुसऱ्या संस्थेत पाठवू’ हे फोनवर बोलायला सोपं असलं तरी कागदावर तसं नसतं. ‘आत्ता टुरिस्टवर ये, नंतर बघू’ असं कोणी सुचवत असेल, तर ते तुमच्या नावाच्या ईमेलवरून जाऊ देऊ नका.

परदेशी माणूस जिथे मुक्कामाला असेल त्या जागेच्या मालकाने चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणीच्या पोर्टलवर त्याची माहिती भरायची असते. ऑफिसांत याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. हा नियम फक्त हॉटेलांना आहे असा सार्वत्रिक समज आहे. गावातलं ज्या कुटुंबात तो राहणार ते घरही यात येतं. त्या घराचं खातं पोर्टलवर आधी उघडावं लागतं आणि ते मंजूर व्हायला दिवस लागतात. माणूस विमानातून उतरल्यावर खातं उघडायला बसलात, तर चोवीस तास केव्हाच उलटून जातात. म्हणून घर ठरलं की त्याच आठवड्यात घरमालकाचं आधार, वीजबिल आणि मोबाइल नंबर घेऊन हे काम संपवा. पहिले चार दिवस पुण्यात गेस्टहाउसवर आणि मग गावी, असा बेत असेल तर नोंद दोनदा.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर पहिल्यांदा उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत ऑनलाइन नोंदणी, तिचा अर्ज वेगळा. तो परत येतो तो बहुतेक पत्त्यामुळे. सी फॉर्मवर एक पत्ता, संस्थेच्या पत्रावर दुसरा, घरमालकाच्या वीजबिलावर तिसरा. गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. आधी एक स्पेलिंग ठरवा, तेच सगळीकडे चिकटवा. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचे जुने कायदे जाऊन नवा एकत्रित कायदा आला आहे, तेव्हा ऑफिसातल्या जुन्या फोल्डरमधले नमुने वापरू नका. त्या दिवशी पोर्टलवर जे असेल तेच उघडा. पासपोर्टच्या प्रती ग्रुपवर टाकायची सवय संस्थांमध्ये फार आहे. तुम्ही टाकू नका, इतरांनी टाकल्या तर काढायला लावा.

आगमनाच्याच आठवड्यात प्रत्येक गावासाठी एक ‘अडीअडचणीचं पान’ तयार करा. त्यावर ११२ आणि १०८ तर हवेतच, पण ते कोणीही लिहील. खरी माहिती अशी: रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळेल, सगळ्यात जवळ कुठल्या दवाखान्यात रेबीजची लस असते आणि कुठे इम्युनोग्लोब्युलिनही (लसीबरोबर द्यायचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) असतं. गावात कुत्रं चावणं हा काल्पनिक धोका नाही. स्वयंसेवकाने घरून निघताना रेबीजची लस आधीच पूर्ण घेतली असेल, तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही आणि लसीचेही दोनच डोस लागतात, पहिल्या दिवशी आणि तीन दिवसांनी. म्हणून त्याच्या लसीकरण कार्डाची प्रत ऑफिसात हवी. ते कार्ड त्याच्या सॅकमध्ये आणि सॅक दुसऱ्या गावी, असं असेल तर डॉक्टर सगळं नव्याने सुरू करणार. विमा असतो, पण परदेशी विमा बहुधा नंतर पैसे परत देतो. आपल्याकडचं खासगी रुग्णालय आधी अनामत मागतं. ती रक्कम त्या क्षणी कोण भरणार हे लेखापालांकडून लिहून घ्या.

पैशांवरून आठवलं. एक गोष्ट स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी लागते आणि ती सांगणं अवघड जातं, कारण समोरचा चांगल्या मनाने विचारत असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याला वाटतं, शाळेला संगणक नाही, मित्रांकडून पाचशे युरो गोळा करून घेऊन देऊ. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्यानुसार परदेशी नागरिकाकडून आलेला पैसा तर परकीय अंशदान (परदेशी देणगी) धरला जातोच, वस्तूही धरल्या जातात. ते घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. गावच्या शाळेच्या किंवा छोट्या मंडळाच्या हातात ती नसते. तुमच्या संस्थेकडे नोंदणी असली, तरी पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. म्हणजे ‘तुम्ही घ्या आणि शाळेला द्या’ हा मार्गही नाही. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तुमचं मानधन आठच हजार का, याचं थोडं उत्तर तिथेही आहे. ओरिएंटेशनमध्ये वाक्य सरळ ठेवा: पैसे, लॅपटॉप, कपडे, काहीही परस्पर द्यायचं नाही, आधी ऑफिसला विचारायचं.

मुलांबरोबरच्या कामाबाबत माझं मत कडक आहे. बालगृहात काही आठवड्यांसाठी येऊन मुलांना ‘प्रेम देणारे’ स्वयंसेवक ठेवूच नयेत. ज्या मुलाला आधीच माणसं सोडून गेली आहेत, त्याला दर काही महिन्यांनी नव्या माणसाशी जवळीक करायला लावायची आणि मग निरोप द्यायला लावायचा, यात त्या मुलाचं काही भलं नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा प्रश्न अधिकृतपणे मान्य केला. मुळाशी हेच आहे: पाहुणे येतात म्हणून पैसा येतो, पैसा येतो म्हणून मुलं आत ठेवली जातात. तुमची संस्था अशा ठिकाणी स्वयंसेवक पाठवत असेल, तर ते बालगृह बाल न्याय कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे विचारणं इंटर्नचा अधिकार आहे.

फोटोंचं काम हमखास इंटर्नकडे येतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बघून ठेवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. स्वयंसेवकाचं इन्स्टाग्राम खातंही यातून सुटत नाही. आमच्याकडची पद्धत साधी आहे: हात, वही, पाठमोरा गट, फळ्यावरचं लिखाण. चेहरा हवाच असेल तर पालकांची लेखी संमती, आणि बालगृहातल्या मुलांचा तर चेहरा नाहीच. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका जरी आली, तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी संस्थेत आपापसात चर्चा करू’ म्हणून थांबता येत नाही. स्वयंसेवकाचा मूळ देशातला पोलीस दाखला मागवण्याचं कामही तुमच्याकडे येईल. तो निवडीच्या वेळी मागा. तिकीट काढल्यावर मागितलात तर स्वयंसेवकाला नाही म्हणण्याची ताकद संस्थेत उरत नाही.

आता पाठपुरावा. पहिला फोन आठवड्यात, दुसरा तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात प्रत्यक्ष भेट, मग महिन्याला एकदा. ‘कसं चाललंय?’ विचारलंत की ‘छान’ एवढंच ऐकू येतं, दोन्हीकडून. त्याऐवजी विचारा: काल सकाळी अकरा वाजता काय करत होतास? काम नसेल तर ते लगेच बाहेर येतं. तोच प्रश्न मॅडमना वेगळा फोन करून विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत की समजायचं, भेट लवकर द्यायला हवी. नोंदीत ‘समायोजन चांगले’ असले शब्द नकोत. तारीख, कोणी काय सांगितलं, पुढे कोण काय करणार आणि कधीपर्यंत, एवढे चार रकाने पुरतात. हेच ते एक्सेल, नीट भरलं तर कामाचं.

परिणाम मोजायची वेळ आली की लोक तास मोजतात: स्वयंसेवकाने ६४० तास दिले वगैरे. त्यातून मुलांचं काय झालं ते कळत नाही. वाचनाचं काम असेल तर ‘असर’ सर्वेक्षणाची साधी चाचणी वापरा. प्रथम संस्था २००५ पासून ती देशभर वापरतेय, मराठीतही आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा घ्या. ‘हे सगळं स्वयंसेवकामुळे झालं’ असं मात्र लिहू नका. वर्गात मॅडमही होत्या.

निरोपाच्या महिन्यांत तुमची इंटर्नशिप आली, तर एक नियम लावून धरा: शेवटच्या तीन आठवड्यांत नवा उपक्रम सुरू करायचा नाही. जाणाऱ्याला नेमका तेव्हाच उत्साह येतो. त्या दिवसांत तयार साहित्य मराठीत करून घ्या आणि फाइली त्याच्या वैयक्तिक खात्यातून संस्थेच्या खात्यावर आणा. हे राहिलं की सहा महिन्यांनी शाळेचं फेसबुक पान चालवणारा माणूस जर्मनीत लाइपझिगमध्ये असतो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो.

इंग्रजीची काळजी जेवढी वाटते तेवढी करू नका. स्वयंसेवकांपैकी बऱ्याच जणांची ती दुसरी भाषा असते, त्यांनाही छोटी वाक्यंच बरी पडतात. इथे तुमची खरी ताकद मराठी आहे. गावातल्या बैठकीत काय ठरलं आणि कशावर लोक नुसतेच गप्प बसले, हे परदेशी पाहुण्याला कळत नाही आणि पुण्याच्या ऑफिसलाही कळत नाही. त्याच संध्याकाळी दहा ओळींचं टिपण साध्या इंग्रजीत पाठवलंत, तरी महिन्याभरात तुमच्याशिवाय बैठक होणार नाही.

हो म्हणण्याआधी पत्रावर काय हवं ते सांगते. देखरेख कोण करणार, नावासह. आठवड्यातले फिल्डचे दिवस किती. दोनपेक्षा कमी असतील तर वाढवून मागा. प्रवासखर्च मानधनाच्या वर की त्यातच? एसटी आणि रिक्षाचं बिल त्यातूनच जाणार असेल, तर आठ हजारांचे साडेपाच उरतात. कोणतं एक काम पूर्णपणे तुमचं, हे एका वाक्यात. आणि लैंगिक छळाच्या तक्रारी घेणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत समितीत कोण आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्न आणि स्वयंसेवक महिलांनाही लागू आहे, तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची. विमानतळावर रात्री आणायला जायचं असेल, तर गाडी आणि सोबत संस्थेची हवी, तुमची दुचाकी नव्हे.

पुढच्या वाटेचंही तुम्ही विचारलंय. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, ज्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, १८ ते २६ वयोगटासाठी युवा स्वयंसेवकाची वेगळी श्रेणी आहे आणि त्यात निर्वाहभत्ता मिळतो. अर्जाला शुल्क नसतं. जो मागेल तो ठग समजा. तिथे ‘आंतरराष्ट्रीय कार्यक्रमास सहाय्य केले’ या ओळीला किंमत नाही. ‘तीन शाळांसाठी प्लेसमेंटची वर्णनं तयार केली, पाच स्वयंसेवकांची नोंदणी मुदतीत पूर्ण केली’ याला आहे. एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) दोन वर्षं केली असतील तर तेही २४० तास आणि कामाच्या नावासह लिहा.

आणि हे चार महिने ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासक्रमातलं सलग फिल्डवर्क, म्हणून धरायचे असतील, तर कॉलेजच्या फिल्डवर्क समन्वयकांना आजच विचारा. काही ठिकाणी मानधनाची इंटर्नशिप त्यात धरत नाहीत, काही ठिकाणी देखरेख करणारी व्यक्ती स्वतः एमएसडब्ल्यू झालेलीच लागते. संस्थेत तशी व्यक्ती नसेल, तर ते रुजू होण्याआधी कळलेलं बरं.